मांजराची कॉलर

शहाडला थंडी येते ती पहाटे. पहिल्या लोकलला उभी असलेली माणसं माकडटोपी, मफलर, घरातली एखादी जुनी शाल गुंडाळून येतात, आणि ऊन वर आलं की ते सगळं पिशवीत जातं. बदलापूरकडे पारा आणखी थोडा उतरतो, एवढंच. अशा हवेत वाढलेल्या माणसाला निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ कितपत भिडावी? कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा ‘बिचारा कारकून, कोट चोरीला गेला’ एवढंच हाती लागलं होतं. गेल्या वर्षी भाचा शिकायला जर्मनीला निघाला. त्याच्यासाठी जॅकेट बघत दोन दिवस उल्हासनगरच्या बाजारात पायपीट केली, आणि मग ही १८४२ सालची कथा पुन्हा काढली. या वेळी चोरीपर्यंत पोचायला मला फार वेळ लागला. कोट घेण्याच्या पानांवरच रेंगाळलो.

अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गमधला नकलनवीस. वर्षाला चारशे रूबल पगार. थंडी पाठीला आणि खांद्याला जरा जास्तच झोंबते आहे असं त्याला जाणवतं, तेव्हा तो घरी येऊन कोट तपासतो. नेमक्या त्याच दोन-तीन जागी कापड विरून जाळीसारखं झालेलं असतं. कोटाची कॉलर वर्षागणिक लहान होत चाललेली, कारण तिचंच कापड काढून बाकीच्या ठिकाणी ठिगळं लावलेली. ही कॉलर गोगोल एका वाक्यात उरकतो, पण त्या वाक्यात अकाकीचा कित्येक वर्षांचा संसार आहे. घरात एका चादरीचे दोन अभ्रे आणि मग दोन अभ्र्यांची फडकी झालेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

मग पेत्रोविच शिंपी. एकच डोळा, मागच्या जिन्याने चौथा मजला, अनवाणी पाय, आणि पायाच्या अंगठ्याचं नख कासवाच्या पाठीसारखं जाड. त्याच्या तपकिरीच्या डबीवर कुणा जनरलचं चित्र आहे. चेहऱ्याच्या जागी भोक पडलं म्हणून तिथे कागदाचा चौकोन चिकटवलेला. पेत्रोविच कोट उजेडात धरतो, मान हलवतो, तपकीर ओढतो, पुन्हा उजेडात धरतो. ठिगळ धरणार नाही, नवाच शिवावा लागेल, असं तो सांगतो तेव्हा अकाकीच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खोलीतलं त्याला एकच दिसत राहतं: कागद लावलेला तो जनरल. घाबरलेलं मन असंच एखाद्या बिनकामाच्या वस्तूला धरून बसतं. डॉक्टरांच्या खोलीत वाईट बातमी ऐकताना भिंतीवरचं कॅलेंडर जसं लक्षात राहतं, तसं.

उल्हासनगरात एका दुकानदाराने आमच्यासमोर तेच केलं. जॅकेट उलटं करून ट्यूबलाइटपुढे धरलं. “इथून उजेड दिसतोय ना? म्हणजे आतला कापूस सरकलाय. हे देत नाही तुम्हाला,” म्हणाला. भाच्याचं लक्ष रंगाकडे होतं. “मामा, हेच छान आहे की.” दुकानदाराने दुसरं काढलं, त्याच्या शिवणी दोन्ही अंगठ्यांनी ताणून दाखवल्या, चेन तीनदा वरखाली केली, आणि एक माप मोठंच घ्या, आत स्वेटर जायला हवा, असं बजावलं. ऊब कापडापेक्षा आत कोंडलेल्या हवेची असते, हे तो पुस्तकात शिकला नसेल, पण हाताला ते नक्की ठाऊक होतं.

पेत्रोविच आधी दीडशेच्या वर भाव सांगतो, शेवटी तो ऐंशीला करील हे अकाकीला माहीत आहे. ऐंशी म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा पगार. खर्चलेल्या प्रत्येक रूबलमागे एक लहानसं नाणं डबीत टाकत त्याने काही वर्षांत चाळीसहून जास्त जमवलेत. उरलेल्यासाठी संध्याकाळचा चहा बंद, मेणबत्ती बंद, रस्त्याने टाचा उचलून चालायचं म्हणजे बुटांचे तळ झिजणार नाहीत. इथे करुणेचा पाझर फोडणं एखाद्या लेखकाला फार सोपं गेलं असतं. गोगोल वेगळंच सांगतो: या उपासात अकाकीला जगण्याची चव लागते, जणू लग्न ठरलं असावं. दर महिन्याला तो पेत्रोविचकडे जाऊन कापड कुठून घ्यायचं, रंग कोणता, भाव काय, याची चर्चा करून येतो. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं उतरवणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःची निवड करतो आहे. माझ्या मते कथेचा प्राण इथे आहे.

खरेदीचा दिवस तर मला तोंडपाठ आहे. कापड उत्तम घेतात, कारण तिथे काटकसर करायची नसते. अस्तराला रेशीम परवडत नाही म्हणून जाड सुती कापड घेतात, आणि पेत्रोविच म्हणतो, हे रेशमापेक्षा सरस आहे. कॉलरला मार्टेन नावाच्या प्राण्याची फर महाग पडते. मग दुकानातलं सगळ्यात चांगलं मांजराचं कातडं निवडतात, लांबून मार्टेनच वाटावं असं. या मांजराच्या कॉलरला वाचक हसतात. मला ती दोघांच्या शहाणपणाची खूण वाटते. पैसा कुठे ओतायचा आणि कुठे हात आखडायचा हे ज्याला कळतं, त्याला चोखंदळ म्हणायचं. आमच्या शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून जो धागा निघतो, तो याच गरजेपोटी जगात आला. रेशमाची झाक हवी आणि रेशमाची किंमत नको. कोटाच्या अस्तराला आज तोच लागतो.

थंडीचा कपडा निवडताना पैशाच्या पलीकडेही काही सांभाळायचं असतं. शहाडच्या अलीकडचं स्टेशन कल्याण; तिथे १८६५ साली जन्मलेली आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली. साडी सोडली नाही.

पेत्रोविच दोन आठवडे शिवतो, बारा रूबल घेतो, प्रत्येक शिवणीवरून स्वतःचे दात फिरवून ती दाबून बसवतो. सकाळी कोट रुमालात बांधून आणतो, अकाकीच्या खांद्यावर चढवतो. अकाकी निघाल्यावर त्याच्या मागोमाग रस्त्यावर येऊन लांबून कोट बघत राहतो, आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून आडगल्लीतून पळत पुढे जाऊन समोरून पुन्हा एकदा बघतो. दारुडा, तिरसट, भावाला चढा असा हा शिंपी त्या आडगल्लीत मला फार मोठा वाटतो. त्याच्या हातून आयुष्यात एक वस्तू मनासारखी झाली आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर अकाकी नवा कोट जपून भिंतीवर टांगतो, मग जुना बाहेर काढतो, दोन्ही शेजारी धरून बघतो आणि हसतो. जेवतानाही आठवून हसतो. जुना टाकून मात्र देत नाही. त्याच रात्री चौकात नवा कोट हिसकावला जातो, आणि पुढे अकाकी कचेरीत येतो तेव्हा त्याच्या अंगावर तो जुनाच असतो, ठिगळांपायी आखूड झालेल्या कॉलरचा.