चेहरा कोणाचा?

रिचर्ड प्रिन्स या अमेरिकन चित्रकाराने इन्स्टाग्रामवरील इतरांची छायाचित्रे उचलली, खाली आपली शेरेबाजी जोडली आणि कॅनव्हासवर मोठी छापून २०१४ साली न्यूयॉर्कच्या गॅगोसियन दालनात मांडली. त्यांत जमैकातील एका रास्ताफारी माणसाचे, डोनाल्ड ग्रॅहम यांनी टिपलेले छायाचित्र होते. ग्रॅहम न्यायालयात गेले; जानेवारी २०२४मध्ये निकाल प्रिन्सविरुद्ध नोंदला गेला.

ग्रॅहम यांचा हक्क मी नाकारीत नाही. दुसऱ्याचे श्रम न विचारता घ्यायचे आणि त्याला कलेचे स्वातंत्र्य म्हणायचे, हे मला मान्य नाही. पण माझा प्रश्न पुढचा आहे. या खटल्यात तो रास्ताफारी वादी नव्हता, प्रतिवादीही नव्हता. गुलामांच्या वंशजांनी १९३०च्या दशकात गोऱ्या सत्तेला नकार देत हा पंथ उभारला. त्या नकाराचे चित्र झाले, चित्राचा माल झाला.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदाही छायाचित्र घेणाऱ्यालाच कर्ता मानतो. उद्या आपल्या वस्तीतला, मोर्चातला चेहरा कुणी असाच उचलून दालनात टांगला, तर भांडण टिपणारा आणि उचलणारा यांच्यातच होईल. ज्याचा चेहरा, तो वेशीबाहेरच! चित्र कोणाचे, एवढेच विचारून थांबणारी समीक्षा मला म्हणूनच अपुरी वाटते.