एक डाउट आहे

नोकरीला लागून चार महिने झाले होते. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल चालू होता आणि त्यांचा आर्किटेक्ट पेमेंटचं डिझाइन समजावून सांगत होता. नेटवर्क अडखळून एकच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय होईल, ते मला कळेना. मी म्यूट काढला आणि म्हणाले, "आय हॅव अ डाउट अबाउट दिस डिझाइन." पलीकडे शांतता. मग त्याने फार सभ्यपणे विचारलं की, यातलं नेमकं काय तुला पटत नाहीये? मला पटण्या-न पटण्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. कॉल संपल्यावर लीडने बाजूला घेऊन सांगितलं, "डाउट नाही म्हणायचं, क्वेश्चन म्हणायचं."

'भारतीयांच्या इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका' अशा याद्यांमध्ये हा डाउट हमखास असतो. चूक कुठून येते तेही उघड आहे. धडा संपला की बाई विचारायच्या, "काही शंका?" त्या शंकेचं आपण इंग्रजी केलं. (लघुशंकेचं केलं नाही, हे नशीब.) इंग्रजाच्या डाउटमध्ये मात्र अविश्वास असतो. 'मला हे कळलं नाही' यापेक्षा 'मला हे खरं वाटत नाही' याच्या तो जवळचा.

पण या याद्या शब्दाचा मागचा रेकॉर्ड तपासत नाहीत. डाउटच्या मुळाशी लॅटिनमधला 'दोन' आहे. मन दोन ठिकाणी असणं. जर्मनमधल्या त्स्वायफेलमध्येही दोन आहे आणि आपल्या द्विधामध्येही. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांनी तो स्पेलिंगमध्ये घुसवला, पण लोकांनी काही उच्चारला नाही. शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मधले होलोफर्निस नावाचे मास्तर यावरूनच चिडचिड करतात. मजा पुढेच आहे. त्या काळी डाउटचा अर्थ 'भीती वाटणं' किंवा 'तसं असावं असा अंदाज असणं' असाही होता. स्कॉटलंडमध्ये तो अजून टिकून आहे. तिथला माणूस पावसाबद्दल 'आय डाउट' म्हणाला तर छत्री घ्यावी, लंडनचा म्हणाला तर घरी ठेवावी. आपण 'तो आज दांडी मारणार अशी मला शंका आहे' म्हणतो ते थेट स्कॉटिश वळणाचं आहे. तेव्हा चूक कोणाची, हे वाटतं तितकं सरळ नाही. आणि ज्या भाषेत 'नो डाउट'चा अर्थ बहुतेक वेळा 'असेल बुवा' एवढाच उरतो, तिने आपल्याला नेमकेपणा शिकवावा का?

खरी अडचण मला 'डाउट' हा सिनेमा बघताना कळली. जॉन पॅट्रिक शॅन्ली यांचं 2004 मधलं नाटक. त्याला 2005 मध्ये पुलित्झर मिळालं आणि 2008 मध्ये त्यांनीच त्यावर सिनेमा केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली 1964 सालची कॅथलिक शाळा. मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशस (मेरिल स्ट्रीप) यांना वाटतं की, फादर फ्लिन यांनी शाळेतल्या एकुलत्या एका काळ्या मुलाशी गैर वर्तन केलंय. पुरावा नाही. त्या खोटं बोलून फादरना जायला भाग पाडतात, फादर दुसरीकडे बढतीवर जातात, आणि अगदी शेवटी सिस्टर कोसळून डाउट असल्याची कबुली देतात.

या नावाचं मराठी काय कराल? मराठीत संशय माणसावर घेतात, शंका गोष्टीबद्दल येते. संशय घेणारा समोरच्याला पिंजऱ्यात उभं करतो, शंका विचारणारा स्वतः उभा राहतो. (न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांमध्ये संशय तिसरा आहे आणि निर्णय त्याच्या बऱ्याच नंतर येतो. संस्कृतात तो एवढा बदनाम नव्हता, आपण केला.) सिनेमाभर सिस्टरकडे संशय आहे, आणि तो त्यांना खात्रीसारखा वाटतो. शेवटच्या मिनिटाला त्यांना पहिल्यांदा शंका येते. 'संशय' नाव दिलं तर शेवट हरवतो, 'शंका' दिलं तर आधीचं सगळं. या दोन्हींना पुरणारा शब्द आपल्याकडे एकच आहे: डाउट. 'मला एक डाउट आहे' आणि 'मला त्याच्यावर डाउट आहे' ही दोन्ही वाक्यं आपण दिवसातून दहादा बोलतो. मी मराठी प्रयोग केला तर नाव बदलणार नाही.

म्हणून माझी तक्रार याद्यांपेक्षा क्लासवाल्यांबद्दल जास्त आहे. 'डाउट क्लिअरिंग सेशन' या नावातच सगळं आलं. डाउट म्हणजे माझ्या डोक्यातला कचरा, सर येऊन झाडून काढणार. पुस्तकातलं उत्तर चुकलं असेल, ही शक्यता त्या तासाला धरलेलीच नसते. दोन वर्षं असे डाउट क्लिअर करून घेतल्यावर मला वाटायला लागलं होतं की, न कळणं हा नेहमी माझाच बग. लीडने सुचवलेला क्वेश्चन त्याच जातीचा. तो विचारला की उत्तर मिळतं आणि विषय बंद होतो.

त्या कॉलनंतर दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टची मेल आली. आपल्याला काय पटलं नसावं, हे शोधायला तो पुन्हा डिझाइनमधून गेला होता. दुसऱ्यांदा आलेली रिक्वेस्ट ओळखायची सोय त्यात नव्हती. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले असते. आता प्रत्येक रिक्वेस्टला वेगळी की जोडायचं ठरलं होतं. खाली कॉलचे मिनिट्स होते. त्यात माझ्या नावासमोर डाउट नव्हता आणि क्वेश्चनही नव्हता. लिहिलं होतं, 'ऑब्जेक्शन'.