दोन तुकड्यांमधला कांदा

सळईवर भाजलेल्या चिकनचं कौतुक करताना आपण चिकनबद्दलच बोलतो. मसाला आत उतरलाय का, कोरडं तर पडलं नाही ना, रंग कसा आलाय. मला विचाराल तर घरी केलेल्या सळईतला सर्वांत चांगला घास कांद्याचा असतो. चिकनच्या दोन तुकड्यांना टेकून बसलेल्या, कडेला काळसर चटका लागलेल्या, मधे काचेसारख्या पारदर्शक झालेल्या कांद्याचा. दोन्हीकडून त्याच्यात चिकनची चरबी, मसाला, धूर मुरलेला असतो आणि तरी त्याचा गोडवा त्याचाच असतो. बाहेर पुष्कळ ठिकाणी टिक्का नुसत्या चिकनचा लावतात आणि कांदा कच्चाच, चकत्या होऊन ताटलीत शेजारी येतो. म्हणून हा घास हवा असेल तर सळई घरीच लावायला हवी.

चिकन आणि भाज्या एका सळईवर ओवाव्यात की नाही, यावर दोन जाणती घराणी आहेत. इराणमध्ये केशर, लिंबू आणि कांद्यात मुरवलेलं चिकन भाजतात, त्याला जूजे कबाब म्हणतात. तिथे टोमॅटो भाजायचे तर बहुधा वेगळ्या सळईवर. जपानमध्ये काडीवर चिकन भाजतात ती यकितोरी; तिच्यातल्या नेगिमा नावाच्या प्रकारात मात्र चिकनच्या मांडीचा तुकडा आणि तिथल्या लांब पातीच्या कांद्याचा पांढरा भाग एकाआड एक ओवतात. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांनी भाजीचा स्वभाव ओळखलाय. टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणी. चिकन शिजेपर्यंत तो गळून निखाऱ्यात पडतो. कांद्याला मात्र चिकनइतकाच वेळ लागतो, आणि शेजाऱ्याकडून मिळेल तेवढं तो घेत राहतो. म्हणून माझ्या सळईवर कांदा आणि भोपळी मिरची चिकनसोबत, टोमॅटो वेगळा.

सळईचं सौंदर्य सुरीपाशी ठरतं. चिकन मांडीचं, बोनलेस, तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे. छातीचं मांस भाजीची वाट पाहता पाहता कोरडं होतं; मांडीत चरबी जास्त आणि तिच्यातलं कोलॅजेन तापत गेलं की मऊ पडतं, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं जास्त झाली तरी ती सांभाळून घेते. कांदा मोठा घ्यावा, उभे चार भाग करावेत आणि पाकळ्या दोन-दोनच्या जोडीने सुट्या कराव्यात. हे दोन फार महत्त्वाचे. एकटी पाकळी वाळून करपते, तीन एकत्र ठेवल्या तर मधली कच्ची राहते. दोन असल्या की बाहेरची चटका सोसते आणि आतली तिच्या आडोशाने वाफेवर शिजते. एकाच घासात खरपूस आणि रसाळ दोन्ही लागतं ते यामुळे. भाजीचे चौकोन चिकनपेक्षा किंचित लहान कापावेत, म्हणजे धग आधी मांसाला लागते.

भोपळी मिरची हिरवीच घ्यावी. लाल-पिवळी दिसायला सुंदर, पण ती पिकलेली, म्हणून गोड. कांद्याने गोडवा आणलेलाच असतो. तिथे हिरवीचा कडवटपणा हवा. तिच्या सालीला फोड येऊन ती जागोजागी काळी झाली की तो कडवटपणा उग्र राहत नाही आणि चरबीचा जडपणा कापून काढतो.

मसाला दोन हातांचा. अर्धा किलो चिकनला आधी लहान चमचाभर मीठ, आलं-लसूण, थोडं लिंबू आणि भिजवून वाटलेली बेडगी मिरची चोळून अर्धा तास ठेवावं. बेडगीचा तिखटपणा बेताचा आणि रंग भरपूर, त्यामुळे हात सैल सोडता येतो. दुसऱ्या हाताला चार मोठे चमचे चक्का, चमचाभर भाजलेलं बेसन, कसुरी मेथी आणि गरम करून निववलेलं मोहरीचं तेल. दही तसंच घातलं तर त्याचं पाणी सुटतं, मसाला घसरून निखाऱ्यात जातो आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. श्रीखंडासाठी टांगतो तसाच घट्ट चक्का असला की तो तुकड्याला धरून राहतो आणि त्याचीच खरपूस साय जमते. हे तीन-चार तास फ्रिजमध्ये मुरू द्यावं. भाज्या मात्र त्यात मुरवू नयेत. मिठाने कांद्याला पाणी सुटून तो लुळा पडतो. ओवायच्या वेळी भांड्याला चिकटलेला मसाला त्यांना पुसून घ्यावा, बस्स. बाकीचं त्यांना चिकन देणार आहे.

सळई शक्यतो चपटी असावी, गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि एकच बाजू भाजत राहते. बांबूच्या काड्या वापरायच्या तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. तुकडे एकमेकांना टेकलेले हवेत, दाबलेले नकोत.

आता आग. गच्चीत किंवा अंगणात दोन विटांच्या मधे कोळसे पेटवावेत आणि जाळ सरून त्यांच्यावर राखेचा पांढरा थर आला की सळया विटांवर आडव्या टेकवाव्यात. मधे जाळी नको. यकितोरीची शेगडीही अशीच अरुंद असते, काड्यांची टोकं बाहेर आणि मांस अधांतरी. जाळी नसली की मसाला चिकटून सोलला जात नाही. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चुर्र होऊन वर येणारा धूर पहिल्यांदा सळईच्या खालच्या बाजूला भेटतो. मांसाचा वरचा थर 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की प्रथिनं आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया वेगाने सुरू होते जिचं वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 साली केलं. भाजल्याचा बराचसा खमंग वास तिच्यातून येतो. ज्वाळा उठली तर सळई बाजूला सरकवावी. काजळी म्हणजे खरपूसपणा नव्हे. फिरवत, मधे एकदा तेलाचा हात देत, बारा ते पंधरा मिनिटं. तुकड्याच्या मधोमध 74 अंश झाले की चिकन झालं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कडक तापलेल्या ओव्हनमध्ये वरच्या धगीखाली किंवा बिडाच्या तव्यावर करावं. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

खाली उतरवल्यावर पाच मिनिटं थांबणं हा या पदार्थाचा शेवटचा आणि बहुतेकांनी गाळलेला भाग. त्या वेळात मांसातला रस स्थिरावतो, सुरी लावताच ताटलीत वाहून जात नाही. आणि कांदा? त्याचं शिजणं अजून चालू असतं. दोन्ही शेजाऱ्यांची ऊब त्याला मिळत राहते, आणि आतल्या पाकळीत उरलेला कच्चेपणाचा शेवटचा झोंबरा अंश याच पाच मिनिटांत जातो. सळई लगेच ओरबाडली तर चिकन चांगलंच लागेल, कांदा मात्र अर्धवट राहील.

खाताना सगळं एकदम काढून ढीग करू नये. चिकनचा एक तुकडा आणि त्याला चिकटलेला कांदा एकत्र, लिंबू शेवटी आणि बेताने. प्रत्येक दोन तुकड्यांमधे कांदा, एकाआड एका जागी त्याच्यासोबत मिरची, हे माप मला सर्वांत जमलेलं वाटतं. अर्धा किलो चिकनला तीन मोठे कांदे घ्या. बाहेरच्या रुंद पाकळ्या सळईला, आतला गाभा कोशिंबिरीला. चिकन कमी करून कांदा वाढवलाय असं पंगतीत कुणाला वाटलं तर वाटू द्या. पहिली सळई संपली की दुसरीवरचा कांदा आधी कोण घेतो, ते बघा.