मुंगीचे नौकानयन

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका शिक्षक शिबिरासाठी आम्ही वाळवंटी मुंग्यांवरील इंग्रजी लेखाचे मराठी टिपण केले. मूळ लेखात पानोपानी ‘नेव्हिगेट’ हे क्रियापद होते. कोशात पहिला सापडला तो ‘नौकानयन’ शब्द आम्ही घातला आणि मोकळे झालो. लोह्याकडच्या एका शिक्षिकेने शांतपणे विचारले, ‘‘सर, वाळवंटात मुंगीला होडी कुणी दिली?’’

चूक आमचीच होती. हे क्रियापद मूळचे लॅटिन: ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. इंग्रजीने ते विमानाला, मुंगीला, संगणकाला जोडले आणि वापरता वापरता जहाज विसरून गेली. मराठीतली नौका अशी पुसली जात नाही. (‘नेव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगती’पासून आला, असे छातीठोकपणे सांगितले जाते, ते खरे नाही. संस्कृत ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’ या एका प्राचीन भाषेच्या लेकी, म्हणजे बहिणी. एकीला दुसरीची आई ठरवण्याचे कारण नाही.)

फ्रेंच अनुवादकापुढेही हाच पेच येतो. ‘नाव्हिगे’ हे सख्खे क्रियापद त्याच्या हाताशी असतेच. पण त्याशिवाय ‘सोरियांते’ आहे, म्हणजे दिशा ओळखून स्वतःला लावून घेणे. ‘ओरियां’ म्हणजे पूर्व. खुणांवरून आपण कुठे आहोत हे ठरवायला ‘स रपेरे’ हे आणखी वेगळे क्रियापद. मुंगी नेमके काय करते आहे, हे कळल्याशिवाय त्याला शब्द निवडता येत नाही.

आपल्याकडेही पूर्वेकडे तोंड करूनच दिशांना नावे मिळाली. ‘पूर्व’ म्हणजे पुढची, ‘पश्चिम’ म्हणजे मागची, ‘दक्षिण’ म्हणजे उजव्या हाताची. अहमदपूर-चाकूरकडे रस्ता विचारला तर आजही ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ असे उत्तर मिळते. म्हणजे शब्द नाहीत, ही तक्रार करायला जागा नाही.

आता प्रयोगाकडे येऊ. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सहारातील मुंग्यांना वारुळापासून १० मीटरवर अन्न ठेवले होते. परतीच्या वेळी काहींच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या वारुळापलीकडे गेल्या आणि आखूड पायांच्या अलीकडेच घर शोधू लागल्या. मुंगी अंतर पावलांनी मोजते, असा याचा अर्थ. दिशा ती आकाशावरून धरते आणि वारुळाचे तोंड जवळच्या खुणांवरून ओळखते. इंग्रजीत या तिन्हींना एकच क्रियापद पुरते. मराठीत ‘दिशा धरणे’, ‘अंतर मोजणे’, ‘खूण ओळखणे’ असे तीन वेगळे लिहावे लागतात. वाक्य लांबते, आणि आमच्या मते ते लांबलेलेच बरे. ‘मार्गनिर्देशन’ हा कार्यालयी शब्दही येथे नकोच. मुंगीला कोणी निर्देश देत नाही.

दुरुस्त टिपण पुढे लातूरला वाचले. ‘मुंगी आकाशावरून दिशा धरते’ या वाक्याशी अकरावीच्या एका विद्यार्थ्याने थांबवले: ‘‘आणि सूर्य ढगाआड गेला तर?’’ नौकानयनाच्या वेळी हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. निळ्या आकाशाचा तुकडा दिसत असला, तरी त्यातल्या ध्रुवीभूत प्रकाशावरून मुंगीला सूर्याची बाजू कळते. उरलेला तास त्यावरच गेला.