‘मोरस’ : एका शब्दातील साम्राज्य

साम्राज्यवादाचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा राज्यकर्ते आणि प्रजा, इंग्रजी आणि मराठी अशा द्वंद्वांची मांडणी केली आहे. या मांडणीत मुंबई ते लंडन हा एकच सागरी मार्ग गृहीत धरलेला असतो. औद्योगिक भांडवलशाहीने मात्र एका वसाहतीतील माणसे दुसऱ्या वसाहतीत राबवली आणि त्यांच्या श्रमातून निघालेला माल पुन्हा पहिल्या वसाहतीत विकला. या व्यवहाराची एक ठळक खूण मराठी शब्दसंग्रहात शिल्लक आहे. ती म्हणजे ‘मोरस’ हा शब्द. मोरस साखर म्हणजे मॉरिशसची साखर. पुढे हा शब्द पांढऱ्या, शुद्ध केलेल्या साखरेसाठी सर्रास रूढ झाला.

१८३५ मध्ये मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तत्पूर्वी एक वर्ष, १८३४ मध्येच, हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर नेण्यास प्रारंभ झाला होता. १९१० पर्यंत अशा सुमारे ४.५ लाख माणसांनी त्या बेटावर पाय ठेवला. त्यांत भोजपुरी, तमिळ व तेलुगू भाषक अधिक असले, तरी मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व एकूण कोकणपट्टीतील मराठी भाषक लक्षणीय होते. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर त्याच मुंबई बंदरात उतरू लागली. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि बंदराशी देशावरचा मुलूख जोडला गेला. लासलगावसारखी रुळांलगतची बाजारगावे या जाळ्यात आली. शेतमाल बंदराकडे आणि विलायती जिन्नस गावाकडे असा दुहेरी प्रवाह सुरू झाला. भाषेने त्या साखरेचे नाव राखले. ती पिकवणाऱ्या कोकणी मजुरासाठी मात्र तितका घरगुती शब्द मराठीत रुळला नाही.

एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘संस्कृती आणि साम्राज्यवाद’ या ग्रंथात जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ या कादंबरीचे वाचन अँटिग्वामधील मळ्यांच्या संदर्भात केले आहे. संहितेतील एका ओझरत्या उल्लेखातून तिच्या पाठीमागचा गुलामांचा श्रम ते ऐकू आणतात. या प्रतिस्वरी वाचनाला संहितेत निदान एक उल्लेख तरी लागतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहात मॉरिशसचा मळा असा डोकावतही नाही. तेव्हा सैद यांची पद्धती मराठीत जशीच्या तशी उतरवून भागणार नाही. येथे कादंबरीऐवजी शब्दकोश, वाणसामानाची यादी आणि बोली यांपासून आरंभ करावा लागेल.

मजूर निरक्षर होते, म्हणून त्यांचे साहित्य नाही, हे उत्तर अपुरे आहे. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या स्त्रियाही बहुतांशी निरक्षरच होत्या, तरी त्या ओव्यांचे संकलन झाले आणि अभ्यासही झाला. खरा अडसर वाङ्मयप्रकाराच्या कल्पनेत आहे. पंडिता रमाबाईंचे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेविषयीचे प्रवासवृत्त घेतले, तर स्वदेशी परतलेली निवेदक आणि परदेशाविषयी कुतूहल असलेला मायदेशातील वाचक हा त्याचा पाया आहे. जो परतलाच नाही, त्याचा ‘प्रवास’ या चौकटीत बसत नाही. प्रवासवर्णनाच्या इतिहासात समुद्रोल्लंघनाची चर्चा म्हणूनच शिक्षितांपुरती राहिली.

राष्ट्रवादी विचारातही हीच उणीव आढळते. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखर परकी म्हणून आणि हाडांच्या कोळशाने शुद्ध केलेली, म्हणून अपवित्र ठरवून त्याज्य मानली गेली. त्या साखरेत ऑस्ट्रिया-जर्मनीची बीटसाखर होती, जावाची होती, तशी मॉरिशसचीही होती. बहिष्काराला आर्थिक आधार निश्चितच होता. परंतु ‘परकी’ ठरलेल्या या मालात स्वभाषकांचा घाम मिसळलेला आहे, हे त्या युक्तिवादाच्या कक्षेत आले नाही. साखरेची शुद्धाशुद्धता मोजणाऱ्या दृष्टीला श्रमाचा हिशेब दिसला नाही.

साम्राज्याने मात्र हिशेब ठेवला होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आप्रवासी नोंदवह्यांत मजुराचा क्रमांक, वय, जात, गाव आणि अंगावरील खुणाही सापडतात. या नोंदी माणूस ओळखण्यासाठी केलेल्या आहेत. तो काय म्हणत होता, हे त्यांत नाही. ते मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनी जपलेल्या झाकरीत शोधावे लागते. कोकणातील जाखडी तेथे झाकरी झाली, आणि मॉरिशस येथे मोरस झाले. एकाच व्यवहारात दोन शब्द विरुद्ध दिशांनी समुद्र ओलांडून गेले आणि दोन्हीकडे त्यांचे उच्चार बदलले.

मराठी साहित्याचा इतिहास केवळ महाराष्ट्राच्या सीमेत लिहायचा, तर यांतील दुसराच शब्द हाती लागतो. झाकरीला लोकसाहित्याच्या परिशिष्टात ढकलण्याऐवजी एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रकरणात स्थान दिले, तर त्या शतकाच्या ‘प्रबोधन’ या संकल्पनेचीच फेरतपासणी अपरिहार्य होईल. लंडनला जाणारी आगबोट आणि पोर्ट लुईला जाणारे गलबत ही एकाच काळाची वाहने होती. पाठ्यक्रमाने आजवर त्यांतील एकाच वाहनाच्या उतारूंना लेखक मानले आहे.