युनिकोड आणि मराठीचा ‘ऱ्य’

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू व स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. हा भेद युनिकोडने राखला खरा, परंतु कसा? या संकेतप्रणालीत ‘ऱ’ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक असून, द्राविडी भाषांतील वर्त्स्य ‘र’चे लिप्यंतर हे त्याचे प्रयोजन सांगितले आहे. ‘दऱ्या’तील अर्धा र त्याच्यापासून साधतात, वस्तुतः तो ‘दरी’तलाच र होय. शिवाय ‘र’, हलन्तचिन्ह व अदृश्य संयोजक यांच्या योगेही तीच आकृती उमटते. डोळ्यांना एक, यंत्राला दोन! परिणामी एका रीतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या रीतीचा निसटतो. लेखनातील आकृतिभेदाला वर्णभेद मानल्याचे हे फळ आहे. म्हणून शब्दगणना करणाऱ्या अभ्यासकाने प्रथम संकेत एकरूप करावेत. अन्यथा त्याचे निष्कर्ष भाषेविषयी नसून टंकलेखनाविषयी ठरतील.