सही फाडून म्हणे कवी अज्ञात



आंबेडकरी गीतांवरचा एक प्रबंध परवा वाचला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पदवी केव्हाच मिळून गेलीय. विद्यापीठाचं नि संशोधकाचं नाव लिहीत नाही. भांडण त्या पद्धतीशी आहे, आणि ती एकट्याची नाही.

वाचला तो आमच्या वस्तीतल्या आबांमुळं. आबा गायनपार्टीचे जुने गायक, स्वतः गाणी जोडणारे. त्यांच्या दोन वह्या संशोधक घेऊन गेले त्या गेल्याच. आबा म्हणतात, "दिवाळीला देतो म्हणला व्हता. कंची दिवाळी ते इचारायचं ऱ्हायलं."

परिशिष्टात आबांची गाणी सापडली. खाली छापलंय : कवी अज्ञात.

च्यायला, अज्ञात कसा? आमच्या गाण्यात कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. ही रीत संतांपासूनची. चोखा म्हणे आलं की अभंग चोखोबाचा, तुका म्हणे आलं की तुकोबाचा. नाममुद्रा म्हणतात तिला, एम.ए.ला मार्कासाठी पाठ करतात. पण तोच अभ्यासक भीमगीताकडं आला की शेवटचं कडवं त्याला पाल्हाळ वाटतं. तळटीप देऊन ते गाळलंय, पुनरुक्ती टाळली म्हणून. आधी सही फाडायची आणि मग सही सापडत नाही म्हणून लिहायचं!

दुसरी करामत बघा. आबांचं 'व्हता' खोडून 'होता' केलंय. आता मात्रा मोजा. 'व्हता'च्या तीन, 'होता'च्या चार. ओळभर असली दुरुस्ती झाली की चाल लंगडणारच. ढोलकीवाल्याला विचारा, तो लगेच सांगेल. पुढच्या प्रकरणात हेच संशोधक लिहितात की या गीतांत छंदाची ढिलाई आहे. अहो, ढिली तुम्ही केलीत! त्या प्रकरणातली सगळी मोजदाद या दुरुस्त ओळींवर उभी आहे. ते प्रकरण मी तरी बाद धरतो.

मुळात ह्यांना 'लोकगीत' हा शब्द फार आवडतो. लोक म्हटलं की माणूस पुसला जातो आणि सालही पुसलं जातं. १९५६च्या धर्मांतरावर, १९७८ ते १९९४च्या नामांतराच्या लढ्यावर जोडलेलं गाणं जात्यावरच्या ओवीसारखं कुठल्याही काळातलं कसं होईल? कोणी, कधी, कुठल्या सभेसाठी रचलं हे विचारलंच नाही तर संशोधन कशाचं केलं? वामनदादा कर्डकांचं नाव टिकलं ते लोकांनी त्यांचं शेवटचं कडवं कधी गाळलं नाही म्हणून. आणि जलशाचा इतिहास? तो भीमराव कर्डकांनी, स्वतः जलसा उभा करणाऱ्या माणसानं, 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात लिहिला. प्राध्यापक नव्हते ते.

चांगलं काम कसं असतं ते १९८९च्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये दिसतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून चळवळीतल्या बायांना शोधत गेल्या, समोर बसल्या, ऐकलं, नावानिशी लिहिलं. कुठल्या विभागप्रमुखाची वाट बघितली नाही. त्या पुस्तकात बाई बोलते. प्रबंधात आबा म्हणजे 'निवेदक क्रमांक' अमुक.

आता आपल्याकडंही बोट वळवतो. विद्यापीठात गेलेली आपली पोरंही हेच करू लागलीत. मार्गदर्शक सांगतो, 'बोलीचं प्रमाणीकरण करा', आणि आपलाच पोरगा आपल्याच आईचा 'व्हता' खोडतो. पदवी अडेल, ही भीती मला कळते. मीही एकदा एका मासिकासाठी चुलत्याची बोली असलीच धुऊन दिली होती, त्याची लाज अजून आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आबांचं 'व्हता' त्या मराठीत धरलंय का, हे मार्गदर्शकाला तोंडावर विचारायला हवं.

आबांची तिसरी वही ट्रंकेत कुलूपबंद आहे. ती कुणालाही न्यायला मिळणार नाही. उतरवायची तर आबांच्या ओट्यावर बसून, आधी चाल ऐकून, मग शब्द, अशी त्यांची अट आहे. येत्या रविवारपासून आम्ही तिघं बसतोय. ज्याचं अक्षर बरं आहे त्यानं यावं. खोडरबर आणू नये.